बुचावरचा आकडा

सोलापूर,
रविवार

प्रिय सदाशिव यास,

सप्रेम नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. माझे गुडघे आणि हिची साखर यांविषयी नवे सांगण्यासारखे काही नाही, तेव्हा ते प्रकरण येथेच मिटवतो. पत्राचे कारण वेगळे आहे. वकीलसाहेबांचा रेल्वे लाईन्समधला बंगला अखेर पाडायला घेतला आहे, आणि त्या घरच्या माईंची एरंडेलाची बाटली माझ्या घरी आली आहे. हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा ती फक्त ‘आधी बाहेरच्या नळावर धुवा’ एवढेच म्हणाली. तू मात्र आता खुर्चीत सावरून बसला असशील.

मंगळवार बाजारात एका भंगारवाल्याच्या गाड्यावर, पितळी बंबाची तोटी आणि सायकलची चाके यांच्या खाली ती आडवी पडली होती. तोंडात चिंधीचा बोळा, अंगावर तेलकट धुळीचा थर. काच पाहून हात पुढे गेला, पण ओळख पटली ती पायाच्या टवक्यामुळे. बैठकीच्या कडेला डाव्या बाजूस, बोटाच्या पेराएवढा, शिंपल्याच्या आकाराचा तो टवका तू फळीवरून बाटली काढताना उडवला होतास आणि आजतागायत शपथेवर नाकारत आला आहेस. गाडेवाल्याने दोनशे सांगितले, मी दोनशे दिले. मी घासाघीस केली नाही, यावरूनच प्रकरणाचे गांभीर्य तुझ्या ध्यानात यावे.

घरी आल्यावर कोमट पाण्यात साबण घालून ती अगदी सावकाश धुतली. जुन्या स्फटिककाचेला गरम पाण्याचा चटका सोसत नाही, आणि आत पाणी राहिले तर काच कायमची धुरकटते, म्हणून दोन दिवस पंचावर उपडी ठेवली. एरंडेलाचा वास काही केल्या जात नाही. तेल उतरल्यावर मात्र मी जो गप्प झालो तो जेवणापर्यंत. दोन्ही खांदे वटवाघळाच्या पंखांसारखे बाहेर झुकलेले, पोट चपटे, खाली आखूड पाय, आणि बुडाशी पुसट गोल शिक्का: मधे चंबू, दोन अंगांना दोन पेले. सदाशिवा, ती फ्रान्सच्या बकारा कारखान्यातली बाटली आहे, शालिमार अत्तराची! रेमों गेर्लां यांनी आखलेली ही घडण १९२५ साली पॅरिसच्या शोभिवंत कलांच्या प्रदर्शनात मांडली गेली होती आणि तिला तिथे बक्षीसही मिळाले होते. आपल्या पोटात मुरडा आला की माई ज्यातून चमचाभर ओतून नाक दाबत असत, ती ही.

आणि आता तुझ्या टेबलावरच्या निळ्या पंख्याकडे पाहा. शालिमारच्या बाटलीचे बूच निळ्या काचेचे आणि पंख्याच्या आकाराचे असते. गेली पन्नासेक वर्षे तू ज्याखाली विजेची बिले दाबून ठेवतोस आणि पाहुण्यांना ‘गोवळकोंड्याला सापडले’ म्हणून सांगतोस, ते बूच आहे.

आता माझी चिंता नीट समजून घे. अशा बाटल्यांचे बूच साच्यातून निघून तसेच बसत नसे. प्रत्येक बाटलीचा गळा आतून आणि प्रत्येक बुचाचा दांडा बाहेरून घासून त्या दोघांची जोडी जमवत. जोड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून बाटलीच्या बुडाशी आणि दांड्याच्या टोकाशी एकच आकडा कोरत. आकडा जुळला तर वस्तू पूर्ण. जुळला नाही तर ती नुसती टवका उडालेली बाटली, जिला जाणकार गिऱ्हाईक हातही लावणार नाही. माझ्याकडच्या इव्हिनिंग इन पॅरिस अत्तराच्या निळ्या बाटल्यांसारखी ही गोष्ट नाही; त्या यंत्रावर ढिगाने निघाल्या, फिरकीच्या झाकणाच्या आहेत, आणि कोणत्याही बाटलीला कोणतेही झाकण चालते. (त्यांना तू ‘फिनेलच्या शिश्या’ म्हणाला होतास, ते मी विसरलेलो नाही.)

वकीलसाहेबांचा बंगला मीनलने बांधकामवाल्याला दिला. ती पुण्याहून दोन दिवस आली, फोटो आणि देव घेऊन गेली, आणि उरलेले सगळे तिने भंगारात काढले. तिला बाटलीचे काय माहीत असणार? व्यवहाराने बाटली माझी आहे. वकीलसाहेब असते तर त्यांनीही तोच निकाल दिला असता आणि वर माझ्याकडून फी मागितली असती. पण त्या घरचे थालीपीठ आपण इतकी वर्षे खाल्ले आहे की कायदा घशाखाली उतरत नाही. आकडा जुळत नसेल तर मी बाटली निर्धास्त ठेवून घेईन, कारण मग तिचे मोल माझ्या-तुझ्याखेरीज कोणालाच नाही. जुळत असेल तर मीनलला कळवावे लागेल. ती दचकेल, गुगलवर पाहील, आणि महिन्याभरात बाटली मुंबईच्या कुठल्यातरी लिलावात जाईल. तेव्हा खरे सांगायचे तर, आयुष्यात प्रथमच एखादी जोडी जुळू नये अशी मी प्रार्थना करत आहे. ही म्हणते की जुळो वा न जुळो, उद्याच फोन लावा. हिचे सगळे असेच सरळ असते. घरभर रिकाम्या बाटल्या मांडणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, त्याही दारूच्या असत्या तर निदान लोकांना कारण कळले असते, हे तिचे जुने वाक्य या वेळी पुन्हा ऐकून घेतले.

आशेला जागा आहे ती तुझ्याच जुन्या वादामुळे. बॅरिस्टरकाकांनी विलायतेहून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक माईंना आणि एक धाकट्या काकूंना, आणि दिवाळीच्या साफसफाईत बुचांची अदलाबदल झाली, असे तूच सांगत असायचास. मी तेव्हा तुला खोटारडा म्हटले होते. आता तू खरा ठरावास अशी माझी इच्छा आहे. त्या बुचावर मुळात तुझा हक्क किती, हा निराळा प्रश्न. अथर्वशीर्ष न चुकता म्हणेल त्याला ते देईन, असे माई म्हणाल्या होत्या. तू दोन ओळी गाळल्यास, आणि त्या स्वयंपाकघरात उठून गेल्या होत्या म्हणून निभावले.

तू इतिहासाचा मास्तर, म्हणून एक खुराक देतो. गेर्लां कंपनीने या शालिमार अत्तराला शाहजहान आणि मुमताज यांची प्रेमकथा जोडली, शालिमार बागेत फिरण्याची. पण शाहजहानने लाहोरची शालिमार बाग करवायला घेतली ती १६४१ मध्ये, आणि मुमताज तर १६३१ मध्येच बऱ्हाणपूरला वारली. काश्मीरची बाग जहांगीरची. यावर तू दोन पाने लिहिशील याची खात्री आहे. ती वेगळ्या पाकिटात पाठव.

नातवाचे बारसे झाल्याचे कळले, आनंद वाटला. सूनबाईंची बदली रद्द झाली का? वहिनींच्या डोळ्याचे काम उरकून घे, पुढे ढकलू नकोस. गड्ड्याच्या यात्रेला येणार असे दर वर्षी लिहितोस. या वर्षी निदान तिकीट काढून मग लिही.

आता काम. बूच उलटे धर, दांड्याचे टोक ओल्या फडक्याने पूस, अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपा मार आणि भिंगातून पाहा. आकडा नखाने खरवडल्यासारखा बारीक असतो आणि समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. तीन आणि आठ यांत गल्लत होते, तेव्हा वहिनींनाही दाखव. बाटलीवरचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. तो वाचलास तर मला बरे वाटावे म्हणून तू त्याच्याशी न जुळणाराच आकडा कळवशील, आणि तसे केल्याचे मरेपर्यंत कबूल करणार नाहीस; टवक्याच्या बाबतीत तुझा लौकिक मला ठाऊक आहे. मी तो चिठ्ठीवर लिहून हिच्या डब्यात ठेवला आहे.

बूच टपालाने पाठवू नकोस. शेंगाचटणीचा डबा वेगळ्या पार्सलने रवाना केला आहे. ती लाच समजू नये.

तुझा,
विनायक