सुट्टीतले ऊन आणि वळीव : सीमाभागाचा तालुकानिहाय अंदाज छापावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा १ मे शुक्रवारी आला असून बुद्ध पौर्णिमाही त्याच दिवशी आहे. त्याला शनिवार-रविवार जोडून आल्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील बहुतेक घरांत तीन दिवसांचे काही ना काही बेत ठरले आहेत. शुक्रवार आणि पौर्णिमा एकत्र आल्याने सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर एरवीपेक्षा गर्दी अधिक होईल, चोर्ला घाटातून गोव्याला उतरणाऱ्या गाड्या वाढतील, आणि १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागत असल्यामुळे त्याआधीच कार्य उरकून घेण्याच्या घाईत गावोगाव मांडव उभे राहतील. नेमके हेच दिवस आपल्याकडे कडक उन्हाचे आणि वळवाचे असतात. अशा वेळी मराठी वर्तमानपत्रावर विसंबणाऱ्या सीमाभागातील वाचकाला हवामानाची जी माहिती मिळते ती फारच तोकडी आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या अंकात मुंबई, पुणे, कोल्हापूर यांचे कमाल-किमान तापमान येते. बेळगावचेही आकडे कोपऱ्यात असतात. (राशिभविष्याला मात्र रोज अख्खा रकाना मिळतो, याची तक्रार मी करणार नाही.) अडचण अशी की, हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात मोडतो आणि त्याचा अंदाज बंगळूरच्या केंद्रातून निघतो, तर शेजारचे कोल्हापूर ‘मध्य महाराष्ट्रा’त आणि गोवा ‘कोकण आणि गोवा’ उपविभागात येतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मराठी बातमीत बेळगावचे नाव असण्याचे कारणच नाही आणि बंगळूरची पत्रके मराठीत निघत नाहीत. परिणामी खानापूर तालुक्यातील माणूस कोल्हापूरचा अंदाज वाचून आपल्या मांडवाचा निर्णय घेतो. निपाणीकराचे एक वेळ ठीक आहे, त्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. पण घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकराला त्या अंदाजाचा उपयोग तो काय?

जो अंदाज पोहोचतो, तोही नीट समजून घेतला जात नाही. ‘एक-दोन ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की त्याला निश्चित अर्थ आहे हेच विसरतो. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘एक-दोन ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. त्याच्या वर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ७५ टक्क्यांच्या पुढे ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एवढ्या मुलखात एक-दोन ठिकाणी वळीव बरसला, तरी अंदाज खराच ठरतो. मग उचगावात गारा पडल्या आणि अनगोळात थेंबही आला नाही, तर अनगोळकराने खात्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. तरी ती मोडली जातात, आणि पुढच्या खेपेस इशारा आला की ‘त्यांचे काय, रोजच सांगतात’ म्हणून तो कानाआड केला जातो.

वळवाचा स्वभावच तसा आहे. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, अरबी समुद्राकडून आलेला दमटपणा तिला बळ देतो, आणि दुपारी तीनच्या सुमारास जो ढग पांढऱ्या गड्ड्यासारखा दिसत होता तो तासा-दीड तासात दहा-बारा किलोमीटर उंचीचा होऊन काळा पडतो. पाऊस सुरू झाला की ढगातील थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीला थडकून चहूबाजूंनी पसरते. पावसाआधी धुरळा उडवीत येणारा गार वारा तो हाच. पत्रकात त्याचा वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर असा लिहिलेला असतो आणि कागदावर तो फारसा वाटत नाही; पण मांडवाच्या कापडी छतात तो भरला की आधी कडेचे लोखंडी पाइप जमिनीतून उचलले जातात, मग दोऱ्या तटातटा तुटतात आणि स्वयंपाकाच्या बाजूला आडोशासाठी लावलेले पत्रे पंगतीच्या दिशेने येतात. याच वाऱ्या-पावसात वीटभट्टीवर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो, काजू-आंब्याचे उरलेसुरले पीक गळते. भाताच्या धूळवाफ (पावसाळ्याआधी कोरड्या मातीत करायच्या) पेरणीसाठी जमीन तयार करणारा शेतकरी मात्र याच पावसाची वाट पाहत असतो. तेव्हा वळीव येऊ नये असे कोणी म्हणत नाही. तो येण्याचा संभव कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला आणि कोणत्या प्रहरी अधिक, एवढे कळावे.

विजेबाबत तर हे अधिकच निकडीचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशात नैसर्गिक आपत्तींत मरण पावलेल्या ८,०६० जणांपैकी २,८८७ जण वीज पडून गेले. पूर, दरड, उष्माघात यांपैकी कशानेही एवढे बळी घेतले नाहीत. वीज दिसल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे, हा साधा नियम आहे. आपल्याकडे मात्र सर आली की दुचाकीस्वार रस्त्याकडेच्या चिंचेखाली थांबतो आणि शेतात काम करणाऱ्या बाया आंब्याच्या झाडाकडे धावतात.

उन्हाचे गणित याहून फसवे आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांना पोहोचल्याशिवाय आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वाढल्याशिवाय हवामान खाते सहसा उष्णतेची लाट जाहीर करत नाही. साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले बेळगाव शहर चाळिशी क्वचितच गाठते. त्यामुळे पारा ३८ वर असला तरी ‘लाट नाही’ एवढेच कळते आणि आपण निर्धास्त होतो. शिवाय हे तापमान वेधशाळेच्या हवेशीर लाकडी पेटीत, सावलीत मोजलेले असते. डोंगराच्या पायऱ्यांवर अनवाणी उभ्या असलेल्या भाविकाच्या, किंवा पत्र्याखाली चुलीपुढे बसलेल्या आचाऱ्याच्या वाट्याला येणारे ऊन त्यात धरलेले नसते. बेळगावहून सौंदत्तीला किंवा अथणीकडे निघालेल्या कुटुंबाला तर हेही ध्यानात नसते की जिल्ह्याचा पूर्व भाग पश्चिमेपेक्षा कितीतरी कोरडा आणि तापट आहे. घरून निघताना अंगावर आलेली सकाळची गार झुळूक तिथे दुपारी उपयोगी पडत नाही.

हे सर्व सांगायला माहितीचा तुटवडा असता तर गोष्ट वेगळी होती. हवामान खाते पुढील पाच दिवसांचे जिल्हानिहाय इशारे रंगांसह रोज प्रसिद्ध करते : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही ‘ई-ग्रामस्वराज’ हे सरकारी संकेतस्थळ आणि ‘मेरी पंचायत’ हे ॲप यांवर मिळू लागला आहे. कर्नाटकाच्या राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने तर ग्रामपंचायतींत पर्जन्यमापक बसवले आहेत. उणीव आहे ती ही माहिती गोळा करून, मराठीत, सकाळी चहाच्या वेळी हातात पडेल अशी मांडण्याची. आणि हे काम बेळगावात आवृत्ती असलेल्या दैनिकाशिवाय दुसरे कोणी करील असे दिसत नाही. ते सरकारने करावे अशी मागणी मी मुद्दामच करत नाही. सीमाभागात मराठी पत्रकांच्या मागणीचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून आपल्या अंकात रोज तालुकानिहाय अंदाजाची एक छोटी चौकट छापावी. तिचा मजकूर कसा असावा याचा केवळ नमुना देतो : ‘अथणी, कागवाड, रायबाग : दुपारी पारा चाळिशीच्या घरात, पावसाची शक्यता कमी. बेळगाव, हुक्केरी : दुपारनंतर ढगाळ, एक-दोन ठिकाणी वळीव. खानापूर, जांबोटी, कणकुंबी : दुपारी तीन ते रात्री आठ विजांसह पाऊस व वारा संभवतो, पिवळा इशारा, चोर्ला घाट शक्यतो दुपारपूर्वी ओलांडावा.’ याच्या जोडीला निपाणी भागासाठी कोल्हापूरचा आणि घाटाखाली जाणाऱ्यांसाठी गोव्याचा इशारा एकेका ओळीत द्यावा.

छापील अंकाला मर्यादा आहे, हे मान्य. उष्म्याचा अंदाज तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी विश्वासाने देता येतो, परंतु वळवाचा ढग नेमका कोणत्या गावावर फुटणार हे दोन-तीन तास आधीच कळते आणि हवामान खात्याचा तात्कालिक इशाराही तीन तासांपुरताच असतो. रात्री छापलेला अंक ते सांगू शकत नाही. म्हणून चौकटीच्या शेवटी विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपचे नाव रोज छापावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना ते देते. मांडववाले, यात्रेच्या बसगाड्यांचे चालक आणि वीटभट्टीचे मालक यांच्यापैकी एकाच्या तरी मोबाइलमध्ये ते असावे.

ही चौकट येत्या गुरुवारच्या अंकापासून सुरू झाली, तर शुक्रवारी पहाटे यल्लम्माच्या दर्शनाला निघणाऱ्यांना ती आदल्या दिवशीच हाती मिळेल. निदान मेअखेरपर्यंत ती चालू ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वडगाव, बेळगाव