नाक्यावरच्या मजुराची नोंदणी नाक्यावरच करा

संपादक साहेब,

स्थलांतर म्हटलं की आपल्याकडे लगेच परप्रांतीयांचा वाद सुरू होतो. पण मुंबईतल्या मजूर नाक्यांवर सकाळी थापी-डबा घेऊन उभी असलेली कितीतरी माणसं जालना, परभणी, वाशिमकडची आहेत, आपल्याच राज्यातली, आणि कागदांसाठी त्यांचेही तेवढेच हाल होतात.

बांधकाम कामगार मंडळाचंच घ्या ना. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्याला तो देणार कोण? ठेकेदार सही करत नाही, उद्या आपल्या अंगावर येईल म्हणून, ऑफिसात गेलं की विचारतात साईट कुठली, मग एजंट उगवतो आणि खरा गवंडी बाहेरच राहतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का सेस मात्र याच लोकांच्या नावाने गोळा होतो!

स्पेनने जानेवारी २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा, समावेशन आणि स्थलांतर यांचं मिळून एकच मंत्रालय केलं. मला हे फार पटलं, कारण तिथे म्हातारी माणसं वाढतायत, त्यांची पेन्शन आज कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून जाते, म्हणजे बाहेरून आलेला कामगार कागदावर आला की वर्गणी भरणारा एक वाढला, आणि हा हिशोब एकाच मंत्र्याच्या टेबलावर येतो. करोनात, मे २०२० च्या शेवटी, याच खात्याची गरीब घरांसाठी किमान उत्पन्नाची योजना मंजूर झाली. अर्ज तिथेही खूप तुंबले, पण हक्क कायद्यात आला. त्याच महिन्यात आपली माणसं नाशिक हायवेने चालत गावाला निघाली होती, ते मी अजून विसरू शकत नाही.

आपल्याकडे २०२१ पासून ई-श्रम हे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं पोर्टल आहे, पण मंडळाची नोंदणी वेगळी, रेशन वेगळ्या खात्याकडे. नवीन मंत्रालय काढा असं मी म्हणत नाही. निदान आठवड्यातून एकदा सकाळी सातला नाक्यावर सरकारी माणूस टेबल टाकून बसू दे, तिन्ही कामं तिथेच होऊ देत, आणि ९० दिवसांसाठी मजुराचं स्वतःचं हजेरी कार्ड धरा, त्यावर त्या दिवशी कामाला नेणाऱ्याची सही आणि मोबाईल नंबर. ऑफिस उघडतं तेव्हा हा माणूस साईटवर असतो, खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. कामगारमंत्र्यांनी एका नाक्यावर तरी हे लगेच सुरू करावं ही विनंती.

एक वाचक, मुलुंड