आईच्या डाव्या दंडाला

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुम्हा दोघांच्या डांग्या खोकल्याच्या इंजेक्शनाचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई अळिवाच्या लाडवांवर येते. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा. बाबा, चष्मा लावून.

आई, परवा तू म्हणालीस, "मला लहानपणी माकडखोकला होऊन गेलाय, आता कशाला लस?" मलाही तसंच वाटायचं. पण देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नसत, तसं या डांग्या खोकल्याचं नाही. तो होऊन गेला तरी अंगातली ताकद काही वर्षांत ओसरते. लसीचीही तीच गत. शरीर जंतूला अगदीच विसरतं असं नाही, पण रक्तातल्या अँटीबॉडीज उतरतात, आणि जुनी ओळख आठवून नव्या तयार होईपर्यंत तो श्वासनलिकेला चिकटलेला असतो.

मोठ्या माणसात तो ओळखूही येत नाही. महिना-दोन महिने न हटणारा खोकला, एवढंच. गेल्या पावसाळ्यातला तुझा खोकला दिवाळीपर्यंत चालला, अडुळशाचा काढा पिऊन जीव विटला तुझा. तो हाच होता असं मी म्हणत नाही, आपण तपासलंच कुठे? पण मी बाळंतपणाला आल्यावर, तसा खोकला असताना तू माझ्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावायला बसलीस तर? तान्ह्या बाळाला धड खोकताही येत नाही गं. काही बाळांचा नुसता श्वासच थांबतो. या खोकल्याची त्याची स्वतःची पहिली लस दीड महिन्याची. म्हणजे मी तुमच्याकडे काढणार त्या सव्वा महिन्यात त्याला स्वतःच्या लसीचा आधार नाही.

दादाच्या कॅलिफोर्नियात २०१० साली ९ हजारांवर लोकांना डांग्या खोकला झाला आणि १० तान्ही बाळं गेली. अमेरिकेने १९९०च्या दशकात कमी ताप आणणारी नवी लस घेतली होती. तिचा जोर जुनीपेक्षा लवकर ओसरतो, हे नंतर ध्यानात आलं.

मी माझा डोस अठ्ठाविसाव्या आठवड्यात घेतला, आता त्या अँटीबॉडीज नाळेतून बाळाला मिळतायत. पुढच्या खेपेला पुन्हा घ्यावा लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझं तोंड अगदी बाबांसारखं झालं होतं.

आणि बाबा, दंडावरचा वण दाखवून "आम्हाला सगळं टोचलंय" म्हणू नका. तो वण देवीच्या लसीचा. तुमचा जन्म १९५४चा, आणि मुलांना ट्रिपल, म्हणजे डांग्या खोकला, धनुर्वात आणि घटसर्प यांची एकत्र लस, द्यायचा सरकारी कार्यक्रम देशात सुरू झाला १९७८ साली. कोयता लागला की तुम्ही धावत जाऊन धनुर्वाताचं घेता, त्यात डांग्या खोकला नसतो. आरोग्य केंद्रात हल्ली टीडी देतात, त्यात धनुर्वात आणि घटसर्प. आपल्याला हवंय टीडॅप, त्यात या दोन्हींबरोबर डांग्या खोकलाही असतो. त्यासाठी तालुक्याला मुलांच्या डॉक्टरांकडे विचारा. हो, मुलांच्याच. चित्रांच्या भिंतीखाली नातवंडाआधी आजोबांचा नंबर लागेल, लाजू नका. तुमच्या शुगरची फाईल बरोबर न्या, बाकी कुठले डोस राहिलेत ते तेच बघतील.

२०२२मध्ये कोरोनाचा प्रिकॉशन डोस आला तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांना रिक्षात घालून कुणी नेलं होतं? "दोन डोसांचा जोर उतरलाय" हे तुमचंच वाक्य. नानांना तर तुम्ही जेवणावरून उठवून नेलं होतंत.

मी पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला येतेय. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, तेव्हा याच आठवड्यात जाऊन या. दंड एक-दोन दिवस ठणकेल. आईला डाव्या हाताला द्यायला सांगा, उजव्याने लाडू वळायचेत.

तुमची,
छकुली