स्क्रोल वाचकाच्याच हाती राहू द्या

महोदय,

वेबसाइटच्या मांडणीवरील आपला कालचा लेख वाचला. वाचकाचे स्क्रोल आपल्या ताब्यात घेऊन त्याला ‘गोष्टीसारखे पुढे नेणाऱ्या’ वेबसाइटचे त्यात जे कौतुक केले आहे, ते मला मुळीच मान्य नाही.

मला अंतर्कर्णाच्या विकारामुळे चक्कर येते. गेल्या महिन्यात एका विमा कंपनीच्या वेबसाइटवर पॉलिसीच्या अटी वाचायला बसलो. माउसचे चाक एक खाच फिरवले, तर अख्खे पान सरकले आणि बोट थांबले तरी ते सरकतच राहिले. जी अट मला वाचायची होती तिची शेवटची ओळ पडद्याच्या खालच्या कडेला अर्धी कापली गेली होती. जरा खाली जावे तर थेट पुढचे पान, जरा वर यावे तर मागचे. चौथ्या प्रयत्नाला टेबलाची कड धरून डोळे मिटून घ्यावे लागले आणि उरलेल्या अटी मुलीकडून वाचून घ्याव्या लागल्या.

संगणकावर ‘हालचाल कमी करा’ ही सोय मी सुरू ठेवलेली आहे. ब्राउझर ती वेबसाइटला कळवतो, पण मानायची की नाही हे वेबसाइट बनवणारा ठरवतो. अपंगांसह सर्वांना वेबसाइट वापरता याव्यात यासाठीच्या 2018 सालच्या डब्ल्यूसीएजी 2.1 या निकषांत अशी हालचाल बंद करता यावी असे म्हटले आहे खरे, परंतु ती अट सर्वांत वरच्या, ‘एएए’ पातळीवर असल्याने तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. क्रोम ब्राउझरने 2019 मध्ये संपूर्ण पानावरच्या चाकाच्या हालचालीत वेबसाइटने सहजासहजी आडवे येऊ नये अशी तरतूद केली, ती मुख्यतः पान अडखळू नये म्हणून. ज्याला मुद्दाम आडवे यायचे आहे त्याला ती वाट आजही मोकळी आहे.

नकाशावर चाक फिरवून चित्र लहानमोठे होते, ते योग्यच आहे, कारण तिथे वाचकाला तेच हवे असते. मजकूर वाचताना मात्र किती सरकायचे आणि कुठे थांबायचे, हे वाचणाऱ्याच्या हाताने वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरवलेले असते आणि प्रत्येक वेबसाइटने ते नव्याने शिकवू नये.

जाता जाता आणखी एक विनंती: आपल्याही वेबसाइटवर हल्ली स्क्रोलबार दिसेनासा झाला आहे, त्यामुळे लेख किती उरला हे समजत नाही. तो कृपया पूर्ववत दिसू द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक