गोलाईतली कामं

निलंगा

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या रूममेटशी बोलणं झालं. म्हणाली, काकू, मयुरी सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत झोपायली, उठली की मेसला जाती आन् परत पुस्तक. वर्ष होत आलं तुला लातूरला जाऊन आणि अजून तू गोलाईचा बाजार बघितला नाहीस, हे ऐकून मी चालती शिलाई मशीन थांबवली. फोनवर हे सांगत बसले तर रेक्टर मॅडम मध्येच फोन परत मागतात, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या त्या क्लासच्या भागावर माझा राग नाही. तिथं तुम्ही शिकता, सुखरूप असता, एवढं पुरे. पण तिथलं सगळं तुमच्यासारख्या पोरापोरींसाठीच मांडलेलं आहे. मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, भाड्यानं मिळणाऱ्या गाद्या, रात्री अकराला मॅगी. दुकानदाराला ठाऊक असतं की हे गिऱ्हाईक दोन वर्षांचं, नीटची परीक्षा झाली की गेलं. तो तसाच वागतो, त्याचंही चुकत नाही. गोलाईतला दुकानदार मला वेगळ्या नजरेनं बघतो. ही बाई आज लेस नेणार, दिवाळीला अस्तर नेणार, लग्नसराईत तर दर आठवड्याला येणार, हे तो धरून चालतो. माल खराब निघाला तर कुरकुर न करता बदलून देतो. पैसे कमी पडले तर वहीत मांडतो. सोयाबीन बाजारात गेलं की आपल्याकडच्या बायका माझी शिलाई देतात आणि मग मी त्याचे देते, हे चक्र त्याला सांगावं लागत नाही. बाजार असा असतो हे तुला दिसावं, एवढ्यासाठीच मी तुला तिकडं पाठवायली. नुसतं फिरून ये म्हटलं तर तू जाणार नाहीस, म्हणून कामं लावते.

आधी गोलाई समजून घे, नाहीतर तिथं गेल्यावर गरगरशील. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा आखला आणि 1917 साली ती इमारत उभी राहिली. त्याच्या आधी, 1911 ला, बार्शी लाइटची छोटी रेल्वे लातूरपर्यंत आली होती. मला वाटतं, रेल्वे आली म्हणून माल आला आणि माल आला म्हणून एवढा मोठा बाजार नीट आखावासा वाटला. त्या गाडीत मी लहानपणी बसलेय. कुर्डुवाडीवरून पंढरपूर, पुढं मिरज. दोन्ही बाजूंची माणसं खिडकीतून हात बाहेर काढून बोरीची बोरं तोडायची, एवढा तिचा वेग. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, ते ह्याच मार्गानं आलं, फक्त रूळ आता रुंद झालेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात हॉटेलात पाणी मागितलं की अर्धाच ग्लास ओतायचे, लागलं तर परत मागा म्हणायचे. तू कुठं खायला बसलीस तर ग्लासात पाणी टाकून उठू नकोस. लातूरकर बघतात.

सोळा रस्ते एकमेकांसारखे दिसतात. नवखा माणूस एकातून आत शिरतो आणि भलत्यातूनच बाहेर पडतो. दुकानांच्या पाट्या लक्षात ठेवून उपयोग नाही, त्या बदलतात. तू ज्या रस्त्यानं आत आलीस तिथं काय विकतात ते ध्यानात ठेव. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन असं एकेका धंद्याचं एकेक ठिकाण आहे. कुठं चपला, कुठं मिरची-मसाला, कुठं गूळ. मिरचीच्या बाजूला गेलीस की डोळ्यांआधी नाकाला कळतं.

आता पहिलं काम. ह्या पाकिटात एक कतरण टाचलीय, मोरपंखी रंगाची. त्याला जुळणारं अस्तर हवंय, सुती, दीड मीटर. एका गिऱ्हाईकाच्या मुलीचं लग्न आहे आणि निलंग्यात हा रंग मिळेना. कापड लाईनला अस्तराची दुकानं ओळखायला सोपी आहेत, भिंतभर नुसते रंगांचे गठ्ठे लावलेले असतात, वरपासून खालपर्यंत. दुकानदार कतरण हातात घेईल, क्षणभर बघेल आणि न चुकता तीन गठ्ठे खाली टाकेल. तिन्ही तुला सारखेच वाटतील. तेव्हा ट्यूबलाईटखाली निवडायचं नाही. तिन्हींचं टोक आणि कतरण घेऊन दुकानाच्या दारात यायचं, उजेडात धरायचं. आत जे मोरपंखी दिसत होतं ते बाहेर एक हिरवं निघतं, एक निळं. कुणी हसत नाही, सगळ्या शिलाईवाल्या बायका असंच करतात. मग ठरलेल्या कापडाचा कोपरा पाण्यानं ओला कर आणि तुझ्या पांढऱ्या रुमालावर घास. रुमालाला रंग लागला तर ते अस्तर लग्नात घामानं ब्लाऊजच्या काखेत उतरणार आणि शिव्या मला बसणार.

माप घेताना बघत राहा. लोखंडी मीटरपट्टीवर तो कापड सरसर ओढत नेतो, शेवटी चार बोटं जास्त सोडतो, कात्रीनं काठाला एवढीशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. कापत नाही, फाडतो. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ जातं, कापलेलं वाकडं होऊ शकतं. त्या चार बोटांसाठीच मी त्या दुकानात जाते. सुती अस्तर भिजवल्यावर आटतं, ती चार बोटं त्यात जातात आणि माप बरोबर उरतं. तू पैसे देताना सांग, निलंग्याच्या शिलाईवाल्या बाईंची मुलगी. भाव आपोआप ठिकाणावर येतो.

त्याच दुकानाच्या आसपास मशीनच्या सामानाची दुकानं लागतील. तिथं एक बॉबिन केस, खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, घ्यायचाय. जुना ह्याच पाकिटात आहे, तो दाखव, तोंडी सांगू नकोस. स्वस्तातला देतो म्हणाला तर नको म्हण, त्याची पत्ती ढिली असते आणि टाका नीट बसत नाही.

भुसार लाईनला काही घ्यायचं नाही, फक्त एक चक्कर मारून ये. तूरडाळीच्या दुकानापुढं थांब. लातूर डाळीसाठी ओळखलं जातं आणि आपल्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी पानचिंचोलीच्या चिंचेलाही. दोन्ही गावं आपलीच. आता ‘बोरसुरी’ म्हणून कुठलीही डाळ गळ्यात मारणारेही निघालेत, त्यामुळं विकत आणायच्या भानगडीत पडू नकोस, ती आपण गावाहूनच आणतो. मात्र चकाकणारी पॉलिशची डाळ आणि मातकट दिसणारी बिनपॉलिशची डाळ दोन मुठींत घेऊन बघ. नाहीतर पुढं डॉक्टर होशील आणि वरण कशाचं करतात ते माहीत नसेल.

खाण्याचं. मेसच्या जेवणाला कंटाळलीस म्हणतेस, तर सकाळी लवकर निघ आणि कुठं तरी सुशीला खा. चुरमुरे भिजवून, पिळून केलेली, वर शेंगदाण्याचा कूट, सोबत तळलेली मिरची. घरी आपण करतोच, पण गाड्यावरच्या मोठ्या कढईतली चव वेगळी लागते, हे मला कबूल आहे. गाड्यांवर तुला ‘निलंगा राईस’ असंही लिहिलेलं दिसेल. आपल्या गावाचं नाव लातूरच्या गाड्यावर वाचून पहिल्यांदा मला हसूच आलं होतं. पिवळा, मऊ, तिखट भात, जरूर खा, पण रिकाम्या पोटी एवढं तिखट सोसत नाही तुला, आधी सुशीला. काचेच्या हॉटेलात जाऊन पनीर मागवण्यात काही अर्थ नाही, ते सगळीकडं सारखंच असतं. आणि बासुंदी लातुरात शोधू नकोस. तुळजापूरला जाताना उजनी लागते, तिथली खरी. देवीला जाऊ तेव्हा खाऊ.

कामं उरकली की मंदिरात जा. चप्पल काढून पाच मिनिटं ओट्यावर टेक. चारी बाजूंनी हॉर्न, हमाल, हातगाडे, ‘ओ ताई सरका’ चाललेलं असतं आणि मधोमध देवीपुढं एखादी म्हातारी पिशवीतले कांदे निवडत बसलेली असते. माझी आवडती जागा आहे ती. खरेदीला आले की मी तिथंच बसून पैशाचा हिशेब करते. नवरात्रात मात्र तिकडं फिरकू नकोस, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. पटेल चौकातला सुरत शाहवली दर्गाही जमलं तर बघ. सिद्धेश्वराचं देऊळ एवढ्यात राहू दे, महाशिवरात्रीची जत्रा भरते तेव्हा मी आणि मामा येऊ, तिघं मिळून जाऊ.

मैत्रिणीला घेऊन जा. दोघी असलात म्हणजे एकीनं कापड धरायचं, एकीनं पैसे मोजायचे. शेअर ऑटोनं गांधी चौकात उतरा, तिथून चालत जाता येतं. पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. अंधार पडायच्या आत हॉस्टेलवर या. भीती वाटते म्हणून नाही सांगत, तिथं रात्री बघण्यासारखं काही नसतं, दुकानं शटर ओढतात.

तुझे पप्पा म्हणाले, पोरीला अभ्यासाच्या दिवसांत बाजारात कशाला धाडतेस. मी म्हटलं, एक दिवस अस्तर निवडल्यानं मार्क कमी होत असतील तर मग त्या अभ्यासातच काही तरी गडबड आहे. ते गप्प बसले. खरं तर त्यांनाही चपला हव्या आहेत, नऊ नंबर, काळ्या, शिवलेल्या, चिकटवलेल्या नकोत. चपलांच्या रस्त्यावर तळव्याची शिलाई बोटानं चाचपून घे. भावात शंभर कमी करायला लाग, पन्नासवर थांब.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, इकडं यायचं आहे, हे आत्ताच रेक्टर मॅडमला सांगून ठेव. त्या दिवशी लातुरात बाजारही थंड असतो, सगळं शहर शेतात गेलेलं असतं. मेसवालासुद्धा स्वतःच्या शेतात भज्जी-आंबील खात बसलेला असेल आणि तू उपाशी राहशील. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं नीघ. मामा गुरुवारी लातूरला येतोय, अस्तर आणि बॉबिन केस त्याच्याजवळ दे, ते येळवशीपर्यंत थांबून चालणार नाही. चपला तू येताना आण.

केमिस्ट्रीचा पेपर कसा गेला ते लिही.

तुझी,
आई

ता.क. आजीला हिरव्या काचेच्या बांगड्या हव्यात, दोन-सहाच्या, चमकी नसलेल्या. दुकानदार म्हणेल दोन-चारच्या बसतील, साबण लावून घाला. ऐकू नकोस. आजी त्या बांगड्या त्याच्या नावानं नाही, तुझ्या नावानं फोडेल.