तोरणमाळच्या वाटांवर धावण्याआधी ग्रामसभेला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ परिसरात हिवाळ्यात धावायला येणाऱ्यांचे गट अलीकडे वाढले आहेत आणि येथे मोठी डोंगरी शर्यत भरवावी, अशी चर्चाही कानावर येते. मी शहाद्याचा रहिवासी असून याच डोंगरात धावतो, त्यामुळे या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र शर्यतीसाठी कोणाला विचारायचे, हा प्रश्न या चर्चेत कोठेच निघत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जागा शर्यतीला उत्तम आहे, यात शंका नाही. शहाद्याच्या सपाटीपेक्षा तोरणमाळचे पठार सुमारे १,००० मीटर उंच आहे. वर यशवंत तलाव आहे, जवळच सीताखाईची दरी आहे आणि उत्तरेला डोंगररांगा थेट नर्मदेपर्यंत उतरत जातात. परंतु जळगाव-धुळ्याच्या डांबरी रस्त्यावर २१ किलोमीटर आरामात धावणाऱ्याने त्याच हिशेबाने येथे येऊ नये. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना मार्गाचा कस ठरवताना दर १०० मीटर चढाईमागे एक किलोमीटर जास्तीचा धरते, म्हणजे १,००० मीटर चढाईचा २० किलोमीटरचा मार्ग ३० किलोमीटरच्या तोडीचा ठरतो. त्यातही खरी परीक्षा उतारावर होते. हिवाळा सरत येतो तसा सागाचा पाचोळा वाटेवर साचतो, त्याखालचे सुटे दगड दिसत नाहीत आणि घाईत टाकलेले एक पाऊल घोटा मुरगळायला पुरेसे असते.

आता मूळ मुद्दा. या वाटा कोणी खेळासाठी आखलेल्या नाहीत. पाड्यावरून आठवडे बाजाराला, झऱ्यावर पाण्याला, शेतावर आणि शाळेत जाता-येता पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या पायांनी त्या पडल्या आहेत. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते, तेही याच वाटांनी. तोरणमाळ ज्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात आहे, तो अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तेथे आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तर सामूहिक वनसंपत्तीतील प्रवेशाचे नियमन करण्याचा आणि वन्यजीव, जंगल व जैवविविधतेला बाधा आणणारे काम थांबवण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. असे असताना वनविभागाचा कागद हातात आला की काम झाले, असे समजणे बरोबर नाही. वनविभागाची परवानगी लागतेच, पण ती पुरेशी नाही. (जळगाव जिल्ह्यातील पाल गावाकडचा भाग यावल अभयारण्यात येतो, तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे प्रवेशाचेच नियम निराळे आहेत, म्हणून मी तोरणमाळपुरतेच बोलतो आहे.)

ग्रामसभेला विचारण्यामागे केवळ कायदा नाही. पावसाळ्यात कोणता नाला किती वेळात चढतो, अस्वल कोणत्या बाजूला वावरते, उन्हाळ्याच्या तोंडावर कोणते पाणी आटते, हे पाड्यावरच्या माणसाला नकाशाशिवाय माहीत असते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटून २१ धावपटूंचा मृत्यू झाला. मार्गाच्या त्या टप्प्यावर वाहन पोहोचत नव्हते. तेथे सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण अक्राणीच्या अनेक दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते आणि जिल्हा रुग्णालय नंदुरबारला आहे, हे आयोजकांनी लक्षात घ्यावे.

वेळेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पावसाळा निसरडा, मार्चपासून होळी आणि लगेच मोहफुले वेचण्याचा हंगाम, पुढे खानदेशचे ऊन. म्हणजे धावण्याजोगे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच उरतात. नेमक्या याच काळात रानपिंगळ्याची वीण सुरू असते. १८८४ नंतर शतकभराहून अधिक काळ नोंद नसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी, पुन्हा सापडला. तो इतर घुबडांसारखा रात्रीचा नाही, दिवसा वावरतो, आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. तेव्हा ध्वनिक्षेपक, ड्रोन आणि आरंभरेषेवरचा डीजे हे प्रकार पायथ्याच्या सागवनात चालणार नाहीत. ढोल्यांची झाडे जेथे आहेत तो भाग मार्गातून वगळावा आणि ते काम वनरक्षकांना व गावकऱ्यांना सोबत घेऊनच करावे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी १०० पेक्षा अधिक धावपटू घेऊच नयेत. खडकांवर रंगाचे बाण काढण्याचीही गरज नाही. कापडी फिती बांधाव्यात आणि त्याच संध्याकाळी सोडून आणाव्यात. धावणे सूर्योदयानंतरच सुरू करावे, कारण पहाटेच्या अंधारात बिबट्या आणि अस्वल यांच्याशी गाठ पडण्याचा धोका अधिक असतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. अशा शर्यतींत स्थानिक तरुणांच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या वाटण्याचे काम येते आणि पदके शहरात जातात. संधी मिळाली तर पाड्यावरची मुलेही पदके आणतात: नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले होते. धडगावच्या मुलामुलींना प्रवेशशुल्क माफ असावे, त्यांना बूट मिळावेत आणि जमा शुल्कातील ठरलेला वाटा ग्रामसभेच्या खात्यात जावा. तो किती असावा, हे ग्रामसभेनेच सांगावे.

यंदा शर्यतीचा विचार करणाऱ्या आयोजकांना माझी विनंती आहे की, नोंदणी सुरू करण्याआधी त्यांनी आखलेल्या मार्गाचा नकाशा घेऊन संबंधित पाड्यांच्या ग्रामसभेत जावे, तेथे पावरी बोलणारा माणूस सोबत न्यावा आणि ठराव मंजूर झाल्यावरच तारीख जाहीर करावी. ठराव नकाराचा झाला, तर शर्यत दुसरीकडे न्यावी.

आपला,
एक धावपटू वाचक, शहादा (जि. नंदुरबार)