गाऱ्हाणं वहीत लिहून आणा

कुणकेश्वर, ता. देवगड
18 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन रोजच होतो, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई "बरं, जेवलात ना?" म्हणून विषय संपवते. म्हणून पत्र लिहितोय. दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मग बाबा, तुम्ही एकदा सावकाश स्वतः वाचा.

गेल्या पाडव्याला, 30 मार्चला, आम्ही घराचं कुलूप काढलं तेव्हा छकुली साडेचार महिन्यांची होती. आता ती माजघरातून धावत येते आणि उंबरठ्यापाशी थांबते. एक हात चौकटीला लावून पाय पलीकडे टाकते. त्याच उंबरठ्यावर माझा दात पडला होता, असं आई सांगायची.

पहिला धडा पावसाने दिला. 25 मेलाच तो देवगडात उतरला, मिरगाला अजून दोन आठवडे होते. उशिराचा आंबा झाडावरच राहिला. आई, तुझ्या सुनेने कोकमाचे रतांबे फोडून सोलं वाळत घातली होती. मीठ लावून, रसात बुडवून, पुन्हा उन्हात, अगदी तू सांगितलंस तसं. तिसऱ्या पुटाला ऊनच गेलं. दोन रात्री तिने ती चुलीच्या उबेवर परतत काढल्या, तरी निम्म्यांना बुरशी आली. मग उरलेल्या रतांब्यांचं तिने आगळ करून ठेवलं. वर्षभर सोलकढीला तेच वापरतोय. फणसाची साठं मात्र राहिलीच.

छकुलीचं उष्टावण सातव्या महिन्यात केलं. मामा आला होता. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, पण तिला खरी चव लागली ती दुसऱ्या दिवशीच्या उकड्या तांदळाच्या पेजेची. वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती तिने.

गणपतीचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

नागपंचमीला पातोळ्यांचा नैवेद्य झाल्यावर मी पाट घेऊन गणपतीच्या शाळेत गेलो. हळदीच्या पानांचा वास हाताला तसाच होता. मूर्तिकारांनी पाट उलटा करून पाहिला. मागे तुम्ही पेन्सिलीने आखलेली रेघ आहे, मूर्तीची उंची तिथपर्यंत. मला ती रेघ माहीतच नव्हती. "ह्येचो बापूस कधी चुकलो नाय," असं ते शेजारच्या माणसाला म्हणाले, आणि मग मला विचारलं, "औंदा येवचे नाय?" मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी काही न बोलता पाट आत नेला.

गणपतीवर टांगायच्या माटवीसाठी वाडीतल्या काकांबरोबर दोन दिवस रानात हिंडलो. कवंडळं, हरणं, कांगलं, तवसं, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे सगळं मिळालं. बांधायला केवणीच्या सालीचा दोर काकांनीच काढून दिला. तुम्ही स्टुलावर उभे राहायचात आणि मी खालून एकेक फळ वर द्यायचो. इतकी वर्षं मी फक्त फळं दिली, गाठ कशी मारायची ते कधी पाहिलं नाही. नारळ दोनदा खाली आला. तिसऱ्यांदा काकांनी माझा हात धरून गाठ मारून दाखवली.

27 ऑगस्टला मूर्ती पाटावर बसली, आरती झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाऱ्हाणं घालायचं होतं. बाबा, ते घरातल्या मोठ्याने घालायचं असतं आणि मला कायम तुमचाच आवाज ऐकायची सवय. "बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमाणे आज तुझी सेवा केली हा, ती मान्य करून घे" इथवर आलं. वाडीकरांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पुढचं आठवेना. कोणी हसलं नाही, कोणी सुचवलंही नाही. मग जे मनात होतं तेच बोललो. "जे मुंबयक आसत, जेंका येवक जमला नाय, तेंच्या गुडघ्यात बळ दी, तेंका पुढल्या वर्साक हय हाड." मागून "व्हय म्हाराजा" इतक्या मोठ्याने आलं की छकुली दचकली आणि रडायला लागली. तिला उचलून घेतलं तेव्हा माझेही डोळे भरलेले होते.

गौरीला तेरडा आणला, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. आई, शेगलाच्या भाजीत खोबरं किती घालायचं हे फोनवर तीनदा विचारलं, आठवतं?

दिवाळीत तुळशीपाशी कारीट फोडलं. छकुलीचा पाय धरून मी तिच्या अंगठ्याने फोडवलं आणि तुझ्या सुनेने "गोविंदा" म्हटलं. मग चावदिसाचे पोहे खायला घरोघर गेलो. गोडे, तिखट, ताकातले, आणि प्रत्येक घरी काळ्या वाटाण्याची सांबारं वेगळी. पाचव्या घरी आम्हाला बसवेना, पण न खाता उठू देतील तर ना. प्रत्येक घरी तुमची चौकशी झाली.

तुळशीच्या लग्नाला, 2 नोव्हेंबरला, ती पहिल्यांदा हात सोडून चालली. ओटीवरून नाही, खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर. वृंदावनात खोचलेल्या उसाकडे बघत चार पावलं, आणि मग खाली बसली. मंगलाष्टकं तशीच चालू राहिली. कोणाच्याच लक्षात आलं नाही, फक्त आम्ही दोघांनी पाहिलं. तेव्हाच ठरवलं की हे तुम्हाला लिहून कळवायचं.

परवा संक्रांतीला बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. वाडीतल्या पोरांनी दोन मिनिटांत सगळं वेचलं. एक बोर तिच्या मुठीत राहिलं होतं, ते रात्री झोपेत सुटलं.

आता मुद्द्याचं. 15 फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. जत्रेला तुम्ही दोघं या. मागच्या न्हाणीत कमोड बसवलाय, ओटीच्या पायऱ्यांना कठडा केलाय. तुमचा खाटला पश्चिमेच्या खिडकीशी हलवलाय, तिथून समुद्र ऐकू येतो. मांडवी एक्सप्रेसने दिवसाउजेडी या, ठाण्याला चढा, कणकवलीला मी गाडी घेऊन थांबतो. देवळापर्यंत गाडी नेता आली नाही तर वाडीतली पोरं खुर्चीवरून नेतील, त्यांनी आपणहून सांगितलंय. छकुलीला पहिलं खाजं आजोबांच्या हातून मिळू दे.

आणि परतीचं तिकीट काढू नका. मिरगापर्यंत राहा, मग पाटाची वेळ येतेच.

बाबा, येताना एक दोनशे पानी वही आणा. गाऱ्हाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या अक्षरात लिहून हवंय, गावच्या देवांची नावं ज्या क्रमाने घ्यायची त्या क्रमाने. प्रवासात लिहायला बसलात तर कणकवलीपर्यंत पुरं होईल.

तुमचा,
धाकटा

ता. क. : आई, सोलांना पहिल्या पुटाला मीठ किती, ते सुनेला पुन्हा सांग. तिने यंदाही करायचं ठरवलंय.